कमरेची गाठ : लुगड्यापासून गाऊनपर्यंत



आज सुरुवातीलाच एक काम सांगतो. ऐकता ऐकता आपल्या परकराच्या नाडीखाली दोन बोटं सरकवून बघा. सहज जातात का? की पोट आत ओढून घ्यावं लागतं? रात्री परकर सोडल्यावर कमरेला वळ दिसतो का? त्या जागची कातडी काळी पडलीय का, खाजते का? ज्यांची बोटं सहज गेली त्यांचं बरं आहे. ज्यांची गेली नाहीत त्यांनी नाडी जरा सैल करा आणि मग पुढचं ऐका.

हा विषय आम्ही घेतला, त्याला कारण आमच्याच हातून झालेली एक चूक. चार वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या बचत गटाची महिन्याची बैठक होती. गटातल्या एक काकू गाऊन घालून, खांद्यावर टॉवेल टाकून आल्या. वय पन्नाशीच्या पुढचं, गटात पहिल्यापासूनच्या. आमच्यापैकी एकीने सगळ्यांसमोर म्हटलं, "काकू, बैठकीला तरी साडी नेसून यायचं होतं." दोघी-तिघी हसल्या. बाकीच्या गप्प राहिलो. काकूंनी हप्ता भरला, सही केली आणि निघून गेल्या. पुढचे तीन महिने त्या आल्याच नाहीत. हप्ता सुनेच्या हाती यायचा.

मग सुनेनेच एकदा सांगितलं. काकूंचं गर्भपिशवीचं ऑपरेशन झालेलं. त्यानंतर ओटीपोटात आणि उजव्या खुब्यात दुखणं बसलं ते गेलंच नाही. नाडी बांधली की अर्ध्या तासात कळ जांघेत उतरते. साडी नेसली की बसता येत नाही, बसलं की उठता येत नाही. गाऊन ही त्यांची हौस नव्हती. अंगावर सोसवणारा तेवढा एकच कपडा उरला होता.

आम्हाला लाज वाटली. त्या दिवसापासून आम्ही विचारत सुटलो. म्हाताऱ्या बायांना विचारलं, नर्सताईंना विचारलं, वाचनालयातली पुस्तकं काढली. बाईच्या कमरेची ही गाठ आली कुठून, ती कोणी आवळली आणि कधी कधी सैल झाली, हे शोधायला लागलो. जे सापडलं ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

लुगड्याची गाठ

आपल्या भाषेतच बघा. कामाला लागणं म्हणजे "कंबर कसणं". भांडायला उभी राहिली तर "पदर खोचला". हिंमत गेली तर "कंबर खचली". आवळलेली कंबर म्हणजे कामाची बाई, असं आपण बोलता बोलता शिकतो. सैल नेसलेलीला "गबाळी" म्हणतो. बाळंतिणीचं पोट आवळून बांधतो, तेही याच समजुतीतून.

आपल्या आज्या-पणज्या नऊवारी लुगडं नेसायच्या. नऊ वार म्हणजे साधारण सव्वाआठ मीटर कापड. एक टोक कमरेभोवती घेऊन पुढे गाठ मारायची, निऱ्या घालायच्या, पायांमधून कासोटा मागे नेऊन खोचायचा. आत परकर नाही, नाडी नाही. कापडच पट्टा व्हायचं. शेतात वाकायला, विहिरीवर चढायला, घोड्यावर बसायलासुद्धा हे नेसणं सोयीचं. म्हणून कष्टकरी बायांनी ते आपापल्या कामाप्रमाणे बदलून घेतलं. कोळणींनी गुडघ्यापर्यंत वर घेतलं, कारण मासळी उतरवताना पाण्यात उभं राहायचं असतं. गोव्यातल्या कुणबी बायांनी ते आखूड नेसलं आणि पदराची गाठ खांद्यावर मारली, म्हणजे भातलावणीत पदर चिखलात पडायला नको. एकच लुगडं, पण प्रत्येक समाजात, प्रत्येक कामात नेसण वेगळं. "आपली पद्धत पहिल्यापासून अशीच" असं कोणी म्हटलं, तर एवढं आठवावं.

लुगड्याचा एक गुण आम्हाला म्हाताऱ्या बायांशी बोलल्यावर कळला. ते घालायला पाय उचलावा लागत नाही. परकर पायातून चढवायचा तर एका पायावर तोल धरावा लागतो. ज्यांचा खुबा दुखतो त्यांना हे किती अवघड असतं, ते त्यांनाच ठाऊक. लुगडं मात्र उभ्या उभ्या गुंडाळता येतं, दोन्ही पाय जमिनीवर ठेवून.

पण जुनं ते सगळं सोनं, असंही नाही. लुगडं सुटू नये म्हणून गाठ करकचून मारली जायची. कनवटीला पैसे, कमरेला चंची, घरच्या मोठ्या सुनेच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा. सगळा भार त्याच जागी. कासोटा मांड्यांच्या मधून जाणार, म्हणजे खाली जखम असेल, आग होत असेल, अंग बाहेर येत असेल, तर दिवसभर घासणार. आमच्या गावातल्या एका आजींनी आम्हाला कमरेचा घट्टा दाखवला. बैलाच्या खांद्याला जू लागून पडतो ना, तसा. त्या म्हणाल्या, "हे दुखणं हाये व्हय? हे तर नेसणं हाये." दुखणं आणि नेसणं त्यांच्या लेखी वेगळं उरलंच नव्हतं.

परकराची नाडी

मग साडीखाली परकर कधी आला? ही कथा आपल्या मुंबईतून जाते.

१८६४ साली सत्येंद्रनाथ टागोर मुंबई इलाख्यात नोकरीवर आले. इंग्रजांच्या सनदी सेवेत निवडले गेलेले ते पहिले भारतीय, रवींद्रनाथांचे थोरले भाऊ. त्यांच्याबरोबर त्यांची तरुण पत्नी ज्ञानदानंदिनी देवी आल्या. बंगालमध्ये तेव्हा घरातल्या बाया एकच साडी अंगाभोवती गुंडाळत. ते नेसून घराबाहेर, चार लोकांत वावरता येत नसे. मुंबईत त्यांनी पारशी बायांची साडी नेसण्याची पद्धत पाहिली. ती त्यांनी थोडी बदलून घेतली, तिच्याबरोबर पोलकं आणि आत परकर घातला. कलकत्त्याला परतल्यावर ही पद्धत ब्राह्मो समाजातल्या बायांनी उचलली आणि हळूहळू देशभर पसरली. आज आपण जिला साधी गोल साडी म्हणतो, तिच्या घडणीत या प्रवासाचा मोठा वाटा आहे. आपल्याकडेही विसाव्या शतकात शहरातल्या शिकलेल्या बायांनी नऊवारी सोडून गोल पातळ घेतलं, आणि मग ते खेड्यापाड्यांत आलं.

या बदलाने बाईला घराबाहेर पडायला मदत झाली, हे खरंच. पण कमरेचं काय झालं ते बघा. लुगड्याचा भार कापडाच्या रुंद गुंडाळीवर असायचा. गोल साडीचा सगळा भार परकराच्या नाडीवर आला. साडेपाच मीटर कापड, सगळ्या निऱ्या, आणि हे पेलायला एक करंगळीएवढी दोरी. तीही रोज त्याच जागी. पुढे नायलॉन आणि पॉलिएस्टरच्या साड्या आल्या. स्वस्त, टिकाऊ, लवकर वाळणाऱ्या. पण त्या घसरतात. सुती साडी परकराला धरून राहते, ही राहत नाही. म्हणून नाडी आणखी आवळायची. ओटीपोट दुखणाऱ्या बाईला ही दोरी नेमकी नको त्या जागी लागते, बेंबीच्या खाली किंवा कमरेच्या हाडाच्या कडेवर. ऑपरेशनचा व्रण असेल तर त्याच्या जवळच.

इंग्लंड-अमेरिकेतल्या बायांचीही तेव्हा हीच तक्रार होती, फक्त कपडे वेगळे. त्यांच्या घागऱ्याखाली एकावर एक परकर असत, आणि पोट आवळायला हाडांच्या किंवा पोलादाच्या पट्ट्यांची चोळी. सगळं ओझं कमरेवर आणि खुब्यांवर. १८५१ साली अमेरिकेत अमेलिया ब्लूमर या बाईंनी आखूड झग्याखाली सैल विजार घालायचा पुरस्कार केला. लोकांनी इतकी टर उडवली की काही वर्षांत त्यांनी स्वतःच ते सोडलं. १८८१ साली लंडनमध्ये बायांनी कपड्यांच्या सुधारणेसाठी एक संस्थाच काढली. तिच्या म्होरक्यांपैकी एक होत्या लेडी हार्बर्टन. त्यांचं म्हणणं होतं की बाईच्या आतल्या कपड्यांचं वजन सात पौंडांपेक्षा, म्हणजे सव्वातीन किलोपेक्षा जास्त नसावं. नुसत्या आतल्या कपड्यांचं! आणि कपड्यांचा भार कमरेवर न ठेवता खांद्यावर घ्यावा, असा विचारही त्या काळी मांडला गेला. ही गोष्ट आम्ही मनात ठेवली, कारण पुढे तीच कामाला आली.

आपल्याकडचं उदाहरण तर घरचंच आहे. कल्याणच्या आनंदीबाई जोशी १८८३ साली डॉक्टर व्हायला अमेरिकेला गेल्या. फिलाडेल्फियाच्या थंडीत नऊवारीने पोटऱ्या उघड्या राहायच्या. म्हणून त्यांनी गुजराती पद्धतीने साडी नेसायला सुरुवात केली. धर्म सोडला नाही, साडी सोडली नाही, फक्त नेसण बदललं, कारण अंगाला थंडी सोसवेना. १८८६ साली त्या डॉक्टर झाल्या. त्यांच्या नावाने आज आपण टाळ्या वाजवतो. अंगाचं ऐकून नेसण बदललं म्हणून त्यांना कोणी गबाळी म्हणत नाही.

कमरेवरची जखम

नाडीचा त्रास हा बायांच्या मनाचा खेळ आहे, असं कोणी म्हणालं तर त्यांना हे सांगा.

१९४५ साली मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातले डॉ. खानोलकर आणि त्यांच्या सहकारी सूर्याबाई यांनी एक अभ्यास छापला. लोकांच्या सवयींमुळे होणाऱ्या कॅन्सरबद्दलचा. त्यात त्यांनी कमरेवरच्या कातडीच्या कॅन्सरची नोंद केली, कमरेला वर्षानुवर्षं घट्ट बांधलेल्या धोतरामुळे होणाऱ्या. पुढे साडी नेसणाऱ्या बायांमध्येही तो दिसला. २०२४ साली वर्धा आणि बिहारमधल्या मधुबनीच्या डॉक्टरांनी अशा दोन बायांबद्दल लिहिलं. एक सत्तर वर्षांची, दुसरी साठीच्या शेवटाला आलेली. दोघींच्या कमरेवर न भरणारी जखम होती. त्यातली एक परकराची नाडी घट्ट बांधायची. दुसरी परकर घालतच नव्हती, चाळीस वर्षं लुगडं आवळून नेसत होती. म्हणजे दोष साडीचा नाही, परकराचाही नाही. दोष आवळण्याचा, आणि तेही रोज त्याच जागी.

घाबरू नका. हा कॅन्सर फार क्वचित होतो. वळ पडला म्हणजे कॅन्सर झाला, असं मुळीच नाही. पण कमरेवर एकाच जागी डाग पडून कातडी सोलत असेल, किंवा जखम तीन आठवड्यांत भरली नसेल, तर हळद लावून झाकून ठेवू नका. डॉक्टरांना दाखवा. जखम सुरुवातीलाच दाखवली तर इलाज सोपा असतो.

ज्याला कोणी विचारलं नाही ते दुखणं

कातडी वरून दिसते तरी. ओटीपोटातलं दुखणं दिसतही नाही. विचारलं तर आपण काय सांगतो? "कंबर दुखते." या दोन शब्दांत आपण सगळं कोंबतो. पांढरं जाणं, पाळीतली कळ, अंग बाहेर येणं, खालची आग, बाळंतपणातली इजा, खुब्याची झीज.

डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांतल्या ६५० बायांची तपासणी केली. १९८९ साली तो अभ्यास 'लॅन्सेट' या जगभर वाचल्या जाणाऱ्या वैद्यकीय साप्ताहिकात छापून आला. त्यात ९२ टक्के बायांना स्त्रीरोगाचा काही ना काही त्रास निघाला. आणि याआधी कधी आतून तपासणी झालेल्या बाया होत्या फक्त ८ टक्के. शंभरातल्या ब्याण्णव जणींना त्रास, आणि तपासलेल्या आठ. तोवर खेड्यातल्या बाईच्या आरोग्याची चौकशी म्हणजे गरोदरपण, बाळंतपण आणि नसबंदी, एवढीच होती. या अभ्यासानंतर बाईच्या बाकीच्या दुखण्यांकडे जगाला बघावं लागलं.

त्यानंतर तीस वर्षांनी, २०१९ साली, बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांच्या गर्भपिशव्या काढल्याचा प्रश्न पुढे आला. सरकारने समिती नेमली. ८२ हजारांवर बायांची पाहणी झाली. त्यात १३ हजारांहून जास्त बायांची गर्भपिशवी काढलेली निघाली. यावर पेपरात खूप आलं, ते यायलाच हवं होतं. पण ऑपरेशननंतर फडात परतलेली बाई साडी कशी नेसते, हे कुठे वाचायला मिळालं नाही. साडी नेसलेली, वर पाचटाने अंग कापू नये म्हणून नवऱ्याचा लांब हाताचा शर्ट, डोक्यावर मोळी. खाली पोटावर व्रण, आणि त्या व्रणाजवळ नाडी.

सहा महिन्यांहून जास्त काळ ओटीपोटात दुखत असेल तर त्याला डॉक्टर जुनाट दुखणं धरतात. त्याची कारणं अनेक असतात आणि तपासल्याशिवाय ती कळत नाहीत. कपड्याने दुखणं बरं होत नाही, हे स्पष्ट सांगतो. पण दुखणाऱ्या जागेवर दिवसभर दाब ठेवला तर ते वाढतं, आणि दाब काढला तर दिवस निभावतो. बारा तास काम करायचंय, त्यात दिवस निभावणं ही छोटी गोष्ट नाही.

गाऊन आणि दंड

आता गाऊनकडे येऊ. कोणी मॅक्सी म्हणतं, कोणी नायटी. शहरातून आला, स्वस्त मिळाला, घरोघरी शिरला. आम्ही त्याला आळशी बाईचा कपडा म्हणायचो. आता विचार केल्यावर कळतं की लंडनच्या त्या बाया जे मागत होत्या तेच त्यात आहे. सगळा भार खांद्यावर. कमरेला गाठ नाही, पोटावर पट्टा नाही, मांड्यांच्या मधे कापड नाही. बाईला तो आवडला त्यामागे तिच्या अंगाचं शहाणपण होतं.

पण त्यावर दंडही बसले. २०१४ साली नवी मुंबईतल्या एका गावात फलक लागला की बायांनी दिवसा गाऊन घालून बाहेर फिरू नये, फिरल्यास ५०० रुपये दंड. २०१८ साली आंध्र प्रदेशातल्या एका गावात पंचांनी सकाळी सात ते संध्याकाळी सात नायटीवर बंदी घातली, दंड २००० रुपये. आंध्रातले पंच होते. नवी मुंबईतला फलक मात्र महिला मंडळाचा होता. हे वाचलं तेव्हा आम्ही कोणाला नावं ठेवू शकलो नाही. आम्ही फलक लावला नव्हता, पण काकूंना जे बोललो ते दंडापेक्षा कमी नव्हतं.

आणि गंमत बघा. गुढीपाडव्याच्या शोभायात्रेत मुली शिवलेली नऊवारी घालतात. कमरेला इलॅस्टिक, कासोटा शिवलेला, पायजम्यासारखी चढवायची. आपण कौतुकाने फोटो काढतो. शोभेसाठी नऊवारी शिवून घेतलेली चालते, मग दुखण्यासाठी साडीत बदल केलेला का चालू नये?

आम्ही काय केलं

आम्ही काकूंच्या घरी गेलो. चुकलं म्हणालो. त्या म्हणाल्या, "तुमचं चुकलं ते जाऊ द्या. पण मला साडी आवडते गं. लग्नकार्यात मलाही साडी नेसून मिरवायचंय. फक्त ती नाडी नको." तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. त्यांना गाऊनची परवानगी नको होती. त्यांना नेसवेल अशी साडी हवी होती.

आमच्या गटात दोघी शिवणकाम करतात. त्यांनी काकूंना समोर बसवून तीन प्रकार शिवले. पहिला, रुंद पट्ट्याचा परकर. नेफ्यात दोरी घालण्याऐवजी चार बोटं रुंद मऊ सुती पट्टा, बाजूला दोन-तीन ठिकाणी हूक, म्हणजे पोट फुगेल त्या दिवशी सैल लावता येतो. दुसरा, गुंडाळायचा परकर. पूर्ण उघडा, लुगड्यासारखा भोवती घ्यायचा, पाय उचलायला नको. तिसरा, अंगाचा परकर. लहान मुलींच्या झग्यासारखा, खांद्यावर रुंद पट्टे, कमरेला शिवण नाही. साडीच्या निऱ्या आधीच शिवून त्याला चार हुकांनी अडकवायच्या. सगळा भार खांद्यावर. काकूंनी तिसरा घेतला. गेल्या वर्षी पुतणीच्या लग्नात जेवणाच्या पंगतीपर्यंत त्या साडीत होत्या.

या कामातून कळलेल्या गोष्टी सांगतो. कापड सुती आणि धुऊन मऊ झालेलं घ्या. कोरा मांजरपाट टोचतो. साडी जितकी हलकी आणि सुती, तितकी ती कमी घसरते आणि कमी आवळावी लागते. नाडीच वापरायची असेल तर ती रुंद घ्या, आणि रोज बांधायची जागा दोन बोटं वर-खाली करा. गाठ पोटावर किंवा व्रणावर नको, ती बाजूला सरकवा. खाली आग होत असेल तर आतले कपडे सैल, सुती, आणि साबण पूर्ण निघालेले हवेत. खुबा दुखत असेल तर खाटेवर किंवा खुर्चीवर बसून कपडे घाला. घालताना दुखरा पाय आधी, काढताना चांगला पाय आधी. पोट पट्ट्याने फार आवळू नका, दाब खाली जातो, अंग बाहेर येत असेल तर ते वाढू शकतं. ऑपरेशननंतर डॉक्टरांनी पट्टा दिला असेल तर तो किती दिवस आणि किती घट्ट लावायचा, हे त्यांनाच विचारा.

आणि पाळी बंद झाल्यावर रक्त गेलं, दुखण्याबरोबर ताप आला, लघवी अडली, अचानक असह्य कळ आली, तर शिवणयंत्राकडे नाही, दवाखान्यात जा.

आमच्या गटाने बैठकीसाठी दोन ठराव केले. पहिला, कोण काय घालून आलं यावर कोणी बोलायचं नाही. दुसरा, सतरंजीच्या बाजूला चार खुर्च्या ठेवायच्या आणि त्यांवर कोण बसलं हे विचारायचं नाही. पहिल्या महिन्यात खुर्च्या रिकाम्या राहिल्या. दुसऱ्या महिन्यात काकू बसल्या. आता चारही भरतात आणि आम्ही आणखी दोन मागवल्या आहेत. एवढ्या जणी इतकी वर्षं खाली बसून काय सोसत होत्या, ते आम्हाला खुर्च्यांमुळे कळलं.

तुमच्या गावात लुगड्याची कोणती पद्धत होती, कोणाच्या आजीने दुखण्यासाठी नेसण बदललं होतं का, हे आम्हाला जरूर कळवा. पुढच्या कार्यक्रमात तुमच्याच गोष्टी सांगू. आणि तुमच्या गटातली एखादी बाई दोन-तीन महिने बैठकीला आली नसेल, तर हप्ता पोचला म्हणून गप्प बसू नका. तिच्या घरी जाऊन या.